गगनबावड्याच्या कौलारू घराला उंदीरजाळी आणि दाराचे ब्रश : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात, घटस्थापनेच्या आधी, आमच्या गावच्या घराला जाळी, दाराखालचे ब्रश आणि पत्र्याच्या पट्ट्या बसवून घेतल्या. लगेच लिहिलं नाही, कारण पहिल्या पंधरा दिवसांत कुठलीही वस्तू चांगलीच वाटते. भातकापणी, दिवाळी, थंडी आणि आता वळीव, एवढं सगळं त्या घरानं काढल्यावर लिहायला बसले आहे.

घर गगनबावडा तालुक्यात, कोल्हापुरापासून साधारण ५५ किलोमीटरवर. आम्ही राहायला कोल्हापुरातच, राजारामपुरीत. गावी माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, एकट्याच असतात. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, वर लाकडी माळा, मागे परसदार आणि त्याला लागूनच भाताची खाचरं. वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. त्या पावसात दारं-चौकटी फुगतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसतात. दार आणि उंबरा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडते ती याच दिवसांत, आणि भात कापायला येतं तेही याच दिवसांत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला मला लग्नानंतर बारा वर्षं लागली.

पावसाळाभर उंदीर आणि घुशी शिवारात बांधांच्या पोटात असतात. लोंब्या भरल्या की खायला मुबलक, आणि पिल्लावळही त्याच सुमाराला वाढते. मग आठ-दहा दिवसांत सगळं शिवार कापून मोकळं होतं. आडोसा गेला, दाणा गेला, वर रात्री थंडी. तो दाणा आपण मळून घरात आणलेला असतो आणि घरात चुलीची ऊब असते. घरात घाण असते म्हणून उंदीर येतात, असं कुणी म्हटलं की आत्ती फार कष्टी व्हायच्या. दोन वेळा झाडलोट करणारी, आठवड्याला सारवण घालणारी ही बाई. त्यांचं घर स्वच्छच होतं. फक्त ते शेताच्या काठावर होतं आणि उघडं होतं.

आदल्या वर्षी कार्तिकात स्वयंपाकघरात जात्याच्या मागे मण्यार निघाली. आत्ती पहाटे चूल पेटवायला उठल्या होत्या, दिवा लावला म्हणून दिसली. सर्पमित्र येऊन घेऊन गेले, कुणाला काही झालं नाही. पण ती आली होती उंदराच्या मागावर, हे आम्हाला कळून चुकलं. त्याच आठवड्यात कणगीच्या तळाला भोक सापडलं आणि आतलं निम्मं भात लेंड्या-मुतानं नासलेलं निघालं.

त्यानंतर आधी आम्ही चुकीची वस्तू घेतली, तेही सांगते. प्लगमध्ये लावायचं, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं यंत्र. दोन घेतली, १४०० रुपये. आठ आठवडे चालू ठेवली. पहिले तीन-चार दिवस माळा शांत वाटला, नंतर पूर्वीसारखाच. एका सकाळी यंत्राचा लाल दिवा चालू होता आणि बरोबर त्याच्या खाली टेबलावर जिऱ्यासारख्या ताज्या लेंड्या पडल्या होत्या. असा आवाज भिंतीच्या पलीकडे जात नाही, पोती-कपाटांच्या आडही पोचत नाही, आणि उंदीर त्याला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ सालीच अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना, दाव्यामागे शास्त्रीय पुरावा असला पाहिजे, अशी ताकीद दिली होती. हे आधी माहीत असतं तर ते पैसे जाळीला लागले असते.

विषाच्या वाटेला आम्ही गेलोच नाही. आत्तींची मांजर आहे, परसात रात्री गव्हाणी घुबड येऊन बसतं, सुट्टीत आमची मुलं तिथं जमिनीवर झोपतात. काळी पूड म्हणून मिळतं ते झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की तिथल्या आम्लाशी मिळून विषारी फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्याला उतारा नाही. वड्यांमधलं ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही. उंदीर काही दिवसांनी मरतो, तोवर अर्धमेला फिरतो आणि मांजराच्या तोंडी लागतो. शिवाय तो माळ्यावर कौलांच्या खाली मेला तर वास कुठून येतोय हे शोधायला अर्धं छप्पर उतरवावं लागतं.

खरं काम झालं ते भोकं शोधण्याचं. एका रविवारी दिवस मावळल्यावर आम्ही घरातले सगळे दिवे घालवले. हे आतून बॅटरी घेऊन भिंतीच्या कडेकडेनं फिरले आणि मी बाहेरून जिथं जिथं उजेड झिरपला तिथं खडूनं खूण केली. तेवीस खुणा झाल्या. लिहायची पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे ६ मिलिमीटरच्या फटीतून छोटा उंदीर आत येतो. मोठ्याला १२ मिलिमीटर पुरतात. भिंतीच्या बुडाला आणि वाशांवर हात पुसल्यासारखे काळपट तेलकट पट्टे होते. ती उंदरांची रोजची वाट. अंग भिंतीला घासत ते एकाच मार्गानं जातात. सगळ्यात मोठं भोक मोरीच्या पाइपाभोवती होतं, बादलीआड. इतकी वर्षं कुणाला दिसलंच नव्हतं.

जाळी लक्ष्मीपुरीतून घेतली. दुकानदार अर्धा इंची देत होते, 'सगळे हीच नेतात' म्हणाले. मी पाव इंचीच मागितली आणि तुम्हीही तीच मागा. अर्ध्या इंचीतून छोटा उंदीर सहज पार होतो. पैसे कमी पडले म्हणून पूर्वेच्या वळचणीला साधी जस्ताची आणि पश्चिमेला, जिथं पावसाचा मारा असतो, तिथं थोडी स्टेनलेस स्टीलची अशी वाटणी केली. परसदारावरचा तुकडा मात्र जस्ताचाच लागला. गवंड्यानं पट्ट्या काटकोनात वाकवून वाशांच्या मधल्या मोकळ्या जागांत ठोकल्या. हवा खेळती राहिली, हे महत्त्वाचं, नाहीतर आमच्याकडे माळ्याला बुरशी धरते. आज आठ महिन्यांनी स्टीलची जाळी जशीच्या तशी आहे. जस्ताची पूर्वेकडे ठीक. पण परसदारावरच्या तुकड्याला कापलेल्या कडेनं तांबूस गंज धरलाय आणि अंगावर पांढरी पूड आलीय. अजून पूर्ण पावसाळा तिनं बघितलेलाही नाही. घाटमाथ्यावर घर असेल तर पहिल्यापासून स्टीलचीच घ्या, दुप्पट पैसे गेले तरी.

लहान भोकांत तारेचा बोळा कोंबून वर सिमेंट लिंपायचं होतं. पहिल्यांदा राखाडी रंगाचा बारीक तारेचा गुंडा आणला. दिवाळीपर्यंत त्याचा भुगा झाला आणि मोरीच्या भिंतीवर गंजाचे ओघळ आले. मग भांडी घासायच्या स्टीलच्या तारेच्या घासण्या आणल्या, उलगडून कोंबल्या आणि वर सिमेंट. त्या एकालाही आजवर दात लागलेला नाही.

दाराच्या ब्रशबद्दल माझं मत दोन भागांत आहे. पुढच्या दाराला उत्तम. अॅल्युमिनियमची पट्टी, खाली नायलॉनचे दाट केस; गोम, विंचू, झुरळं बंद झाली आणि थंड वाराही अडला. परसदाराचा उंबरा मात्र जांभ्याचा, मधोमध झिजून खोलगट झालेला. तिथं ब्रश मध्ये टेकतच नव्हता. वर मार्गशीर्षात उजव्या कोपऱ्याचे केस कुरतडलेले निघाले, चांगले दोन बोटं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे तो कुरतडत राहणारच. नायलॉन, रबर, लाकूड त्याला अडवू शकत नाही. ब्रश हा किड्यांसाठी आणि वाऱ्यासाठी, उंदरासाठी धातूच हवा. शेवटी उद्यमनगरातून सहा इंच रुंद पत्र्याची पट्टी कापून आणली आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला बुडाशी स्क्रूनं बसवली, उंबऱ्याचा खोलगा सिमेंटनं भरून घेतला. तेव्हापासून तो कोपरा शांत आहे.

बाहेरच्या आवराआवरीवरून आत्तींचं आणि माझं थोडं वाजलं. जळण आणि शेणी पडवीत भिंतीला लावूनच रचायच्या, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. 'अगं, लांब ठेवलं आणि भिजलं तर मी चुलीत काय घालू?' हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मग पडवीतच, पण भिंतीपासून दोन फूट सोडून, खाली फूटभर उंचीचे दगड ठेवून रचलं. आता मागून झाडता येतं आणि दडायला जागा राहत नाही. पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी घरापासून हलवली, कौलांना टेकलेली फणसाची फांदी तोडली आणि कणगीऐवजी पत्र्याची कोठी घेतली. आत्तींनी कणगी टाकू दिली नाही, ती रिकामी माळ्यावर आहे, तिचा मान म्हणून. मलाही ते पटलं.

माळा साफ करताना एक काळजी जरूर घ्या. लेंड्या कोरड्या झाडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, आणि कोरडी धूळ नाकातोंडात जाणं तसंही वाईटच. आम्ही तोंडाला फडकं आणि हातमोजे घालून आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडलं, थोडा वेळ मुरू दिलं आणि मग ओल्या फडक्यानं पुसून काढलं.

सापळे आहेतच, स्प्रिंगचे चार. भिंतीला काटकोनात, आमिषाचं तोंड भिंतीकडे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या तीन रात्री खोबऱ्याचा तुकडा नुसता ठेवला, सापळा ताणला नाही. चौथ्या रात्री ताणला. आदल्या वर्षी दिवाळी ते संक्रांत सतरा उंदीर धरले होते. यंदा त्याच दिवसांत चार, त्यातले तीन परसदाराला पत्रा लागण्याआधीचे. संक्रांतीनंतर फक्त एक, फाल्गुनात, तोही दार दिवसभर उघडं राहिलं त्या दिवशी. साप एकही नाही.

जे जमलं नाही तेही लिहिते. दिवाळीच्या सुमाराला भातावरचे हिरवे तुडतुडे दिव्यावर थव्यानं येतात, त्यांना पाव इंची जाळी म्हणजे उघडं दारच. खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड लावलं आणि पडवीतला पांढरा दिवा काढून पिवळसर लावला, तेव्हा निम्म्यानं कमी झाले असतील. पाली आहेत तशाच आहेत.

खर्च जाळी, ब्रश, पत्रा, सिमेंट आणि गवंड्याची दीड दिवसाची मजुरी धरून साडेसहा हजारांच्या आत झाला, कोठी वेगळी. दसऱ्याच्या धुण्या-सारवणात घर रिकामं होतंच, अंथरुणं बाहेर निघतात, भिंतींची बुडं दिसतात. हे काम तेव्हाच करा, भाताला विळा लागायच्या आधी. दिवाळीनंतर भोकं बुजवली तर उंदीर आतच कोंडले जातात.

परवा फोनवर आत्ती म्हणाल्या, 'आता रातच्याला माळ्यावर काय बी वाजत न्हाई गं, झोप लागती.' मी स्टीलच्या जाळीचे दोन तुकडे आणून ठेवलेत. पुढच्या रविवारी, मृगाच्या आधी, परसदारावरची गंजलेली पट्टी काढून ते तिथं ठोकायचे आहेत.