५२९ मधून सगळं काढायचं की ४,००० डॉलर खिशातून भरायचे?

पोरगं यंदा कॉलेजला चाललंय, ५२९ मध्ये (शिक्षणासाठी पैसे साठवायचं टॅक्स-सवलतीचं खातं) बरे पैसे साठलेत, मग सगळं बिल तिथूनच भरा आणि मोकळे व्हा, असं इथे अमेरिकेत आपल्या मंडळींत सर्रास चालतं. दोघंही आयटीत असाल आणि जॉइंट रिटर्नवर इन्कम १,८०,००० डॉलरच्या वर जात असेल तर तेच बरोबर, कारण कॉलेजच्या खर्चावरचं टॅक्स क्रेडिट तसंही मिळणार नाही, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. १,६०,००० च्या आत असाल तर मात्र हिशोब बदलतो (मधल्यांना कमी-कमी होत जातं).

अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट म्हणजे ट्यूशन, फी, पुस्तकं यांचे पहिले २,००० पूर्ण आणि पुढच्या २,००० चे २५ टक्के, थोडक्यात ४,००० खर्चावर २,५०० डॉलर थेट टॅक्समधून वजा. ५२९ मध्ये वाचतो तो फक्त वाढलेल्या रकमेवरचा टॅक्स. आणि एकच डॉलर दोन्हीकडे दाखवता येत नाही, मेख इथे आहे.

समजा ट्यूशन १४,०००, डॉर्म आणि जेवण १३,०००. सगळे २७,००० ५२९ मधून काढले की क्रेडिटसाठी खर्चच उरत नाही. त्यापेक्षा ट्यूशनचे ४,००० चेकिंगमधून भरा आणि २३,००० ५२९ मधून काढा, डॉर्म-जेवण क्रेडिटला चालतच नाही पण ५२९ ला चालतं, फक्त पोरगं निदान हाफ-टाइम शिकत हवं.

आणि सगळे आधीच काढून झाले असतील तर? तरी क्रेडिट घ्याच! ट्यूशनचे ४,००० क्रेडिटकडे दाखवले की ५२९ मधून तेवढे शिक्षणाबाहेरचे काढले असं धरतात. त्या ४,००० मध्ये वाढ समजा १,६०० असेल तर टॅक्स तेवढ्यावरच, २२ टक्क्यांनी धरला तरी ३५२ डॉलर, आणि एरवीची १० टक्के पेनल्टी क्रेडिटमुळे असं झालं असेल तर लागत नाही. ३५२ देऊन २,५०० मिळत असतील तर नाही कशाला म्हणायचं (स्टेटचं वेगळं बघा, काही स्टेट ५२९ मध्ये भरताना दिलेलं डिडक्शन परत मागतात).

मास्टर्सवाल्यांना हे नाही, त्यांना लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, १०,००० पर्यंतच्या ट्यूशनवर २० टक्के, तेही अख्ख्या रिटर्नला मिळून २,००० च, दोन मुलं शिकत असली तरी. इन्कमची लिमिट तीच. पैसे १८ वर्षं वाढलेले असतील तर इथे फरक फार उरत नाही, कागद-पेन घेऊन बसा.

तारखा सांभाळा हं. बिल ज्या कॅलेंडर वर्षात भरलं त्याच वर्षात ५२९ चे पैसे काढायचे, जानेवारीत सुरू होणाऱ्या सेमिस्टरची फी डिसेंबरात भरली तर ती क्रेडिटला डिसेंबरच्या वर्षातच धरतात. चार वर्षांचं कॉलेज पाच कॅलेंडर वर्षांत पसरतं पण हे २,५०० वालं क्रेडिट चारदाच मिळतं, म्हणून पहिल्या फॉलला स्कॉलरशिपमुळे फी जेमतेम भरली असेल तर ते वर्ष सोडा आणि पुढची चार घ्या.