पावसाळी सर्व्हिसिंगनंतर इंजिन नुसतं ओरडतंय? आधी बोल्ट कुठल्या भोकात आहे ते बघा

मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यात ज्यांच्या फायबरच्या होड्या आहेत, मग त्या पर्यटकांच्या असोत की जाळ्याच्या, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन, मुद्दाम वर बसवायचं, त्यातून बिघाड उभा करायचा आणि मग तो ‘दुरुस्त’ करायचे पैसे घ्यायचे, असा धंदा एका मेकॅनिकने आमच्याकडे चालवला होता. तक्रार सुरू आहे म्हणून नाव घेत नाही. पण युक्ती साधी आहे, कुठल्याही बंदरावर कोणीही करू शकेल.

माझ्या होडीला 40 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. मेअखेरीला पर्यटनाच्या फेऱ्या बंद झाल्या की आम्ही इंजिन उतरवून सर्व्हिसिंगला देतो, पाऊस ओसरला की परत चढवतो. एरवी चढवायचं काम आम्ही घरचेच चार जण करतो. या खेपेला मेकॅनिक म्हणाला, "तुमी कशाक त्रास घेतास, मीच येऊन बसवन देतंय, पैसे नकोत." फुकट मिळालेली ही एकच गोष्ट पुढे सगळ्यात महाग पडली.

खाडीत, सपाट पाण्यात सगळं ठीक. कर्ली नदीच्या मुखाशी लाटा लागल्या किंवा भरल्या होडीला वळण घेतलं की इंजिन एकदम ओरडायचं, आरपीएमचा काटा वर उडायचा आणि होडी मात्र जागच्या जागी. थ्रॉटल कमी केला की पंखा (प्रोपेलर) परत पाणी धरायचा. मागून पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धारही तुटक झाली होती. एकदा गरम झाल्याचा बझर वाजला, तेव्हा होडीत माणसं होती. ते दहा मिनिटं कसे गेले ते सांगत नाही.

मेकॅनिकने बघितलं आणि क्षणात निदान केलं: पंख्यातला रबरी बुश सुटलाय, पंखा बदला. चौदा हजार. फरक शून्य. मग म्हणाला, धार तुटते म्हणजे वॉटर पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी चाक) गेला, पूर्ण किट टाकू. साडेसहा हजार. जुने भाग मागितले तर "भंगारात टाकले". तरीही फरक नाही. शेवटी गिअरबॉक्स उघडावा लागेल असं ठरलं, अंदाज बत्तीस हजार.

यात पाजी गोष्ट अशी की त्याचं प्रत्येक निदान ऐकायला खरं वाटतं. पंख्याच्या आतला रबरी बुश घसरला तर इंजिन ओरडतं आणि होडी चालत नाही, हे खरंच आहे. पण तो घसरतोय का, ते पाहायला पाच मिनिटं पुरतात. पंखा काढायचा, आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची, परत बसवून जोर लावून होडी पळवायची. रेघ तुटली तर बुश घसरतोय, जुळलेली राहिली तर पंखा ठणठणीत आहे. गिअरबॉक्सचंही तसंच. खालचा स्क्रू काढून तेल बघायचं. पाणी शिरलं असेल तर ते दुधाळ दिसतं. यातलं एकही त्याने माझ्यासमोर केलं नाही.

गिअरबॉक्सचे पैसे द्यायच्या आधी आमच्या आत्याचे यजमान आले. आयुष्यभर ट्रॉलरवर इंजिनं सांभाळलेला माणूस. होडी वाळूवर ओढलेली होती. त्यांनी गिअरबॉक्सकडे बघितलंही नाही. एक सरळ फळी मागितली, होडीच्या तळाला, अगदी मधल्या रेषेत लावली आणि मागे इंजिनापर्यंत नेली. पंख्याच्या वर एक आडवी पातळ प्लेट असते, ती फळीच्या रेषेपेक्षा इंचभर वर होती. म्हणाले, "तुझो पंखो हवा खाता, बिचारो गिअरबॉक्स काय करतलो?"

ती प्लेट पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाऊ नये म्हणून असते. आमच्यासारख्या होड्यांना ती तळाच्या रेषेत किंवा त्याच्या खाली इंचापर्यंत असावी लागते. त्याहून फार खाली गेली तर पाण्याचा अडसर वाढतो, पेट्रोल जास्त जातं, मागे पाणी उडतं. वर गेली तर वळणात आणि लाटेत पंखा हवा घेतो, आणि थंडाव्याचं पाणी खेचणारी जाळी पाण्याबाहेर उघडी पडली तर इंजिन तापतं. माझ्याकडची सगळी लक्षणं यात बसतात.

इंजिन होडीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला वरच्या बोल्टांसाठी एकाखाली एक भोकं असतात, बहुतेक इंजिनांत 19 मिलिमीटरच्या अंतराने, म्हणजे पाऊण इंच. माझे बोल्ट दोन भोकं खाली होते, वरची दोन रिकामी. होडीच्या फळीतली बोल्टांची जागा बदलत नाही, त्यामुळे बोल्ट ब्रॅकेटच्या खालच्या भोकात म्हणजे इंजिन तेवढं वर, दीड इंच उचललेलं. ब्रॅकेट आणि होडीच्या मागच्या फळीची वरची कड यांच्यात बोट जाईल एवढी फट होती, आणि ब्रॅकेटच्या खाली, इतकी वर्षं झाकलेला, रंग न उडालेला पांढरा पट्टा उघडा पडला होता. पुतण्याच्या मोबाइलमध्ये गेल्या दिवाळीतला पर्यटकांसोबतचा फोटो सापडला. त्यात बोल्ट सगळ्यात वरच्या भोकात.

दोरखंडाने इंजिन धरलं, बोल्ट सैल केले, जुन्या जागी उतरवलं, बोल्टांभोवती नवीन सीलंट भरलं. हे टाळू नका, नाहीतर फायबरच्या आतलं प्लायवूड कुजतं. जुना पंखा त्याच्याकडून भांडून परत आणून बसवून बघितला. होडी मुखातून सुरीसारखी गेली.

मेकॅनिकला विचारलं तर शांतपणे म्हणाला, वर घेतलं की स्पीड वाढतो, पेट्रोल वाचतं, तुमच्या भल्यासाठीच केलं. हे अर्धं खरं आहे. शर्यतीच्या होड्यांत इंजिन वर घेतात, पण त्यांचे पंखे आणि पाणी घेण्याची सोय वेगळी असते. आणि भल्यासाठी केलं तर सांगितलं का नाही? मला शंका राहिली नाही ती शेजारच्या एका होडीवाल्यामुळे. त्याचंही सर्व्हिसिंगनंतर अगदी हेच सुरू झालं होतं, आणि गिअरबॉक्सचे पैसे दिल्यावर चमत्कार झाल्यासारखं थांबलं. आम्ही त्याचं इंजिन जाऊन बघितलं. बोल्ट सगळ्यात वरच्या भोकात, आणि त्याच्या फळीवर मात्र ब्रॅकेट मध्यंतरी वर बसल्याचे ताजे ओरखडे.

बिल कोणालाच दिलेलं नव्हतं. यूपीआयच्या नोंदी आहेत, व्हॉट्सअॅपवर त्याने लिहिलेले दुरुस्तीचे आकडे आहेत, आणि फोटो आहेत. मी आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पर्यटकांची होडी म्हणजे व्यवसाय, तुम्ही ग्राहक नाही, असं काहींनी घाबरवलं. पण 2019च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून केलेला धंदा व्यापारी हेतूत धरलेला नाही. दाव्याला घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही.

शेजारीही अर्ज करणार आहे. तुमचं इंजिन अशाच प्रकारे ‘बरं’ झालं असेल, तर काही खोलायच्या आधी ब्रॅकेटचा फोटो काढा, भोकं मोजा, आणि व्हॉट्सअॅपवरचे जुने संदेश पुसू नका.