वर्ल्ड कपची गोष्ट कुठून सुरू करावी: १९८३ की २०१७?

घरात आठ-नऊ वर्षांचं पोर असेल आणि त्याला क्रिकेट वर्ल्ड कपचा इतिहास सांगायचं मनात असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही पडेल. मला भाचीमुळे पडला. आम्ही नेरूळला राहतो, ती शनिवार-रविवार आमच्याकडेच असते. पुरुषांच्या १९८३पासून आणि महिलांच्या २०१७पासून, दोन्ही वाटांनी मी तिला नेऊन पाहिलं. कोणत्या वर्षी कोण जिंकलं ते तुम्हाला पाठ असणारच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

पुरुषांच्या वर्ल्ड कपची गोष्ट सांगायला सोपी, कारण ती आपण लहानपणापासून ऐकलीये. १९७५ला लॉर्ड्सवर गावसकर ६० षटकं उभा राहिला, १७४ चेंडूंत नाबाद ३६. आठ वर्षांनी त्याच मैदानावर कपिलच्या हातात कप. पुढे २०११चं वानखेडे आहेच.

महिलांची गोष्ट खरं तर जुनी. त्यांचा पहिला वर्ल्ड कप १९७३चा, पुरुषांच्या दोन वर्षं आधीचा. पण त्यात आपण नव्हतो, आणि १९७८ला घरच्या मैदानांवर तिन्ही सामने हरलो. १९९७ला ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने आपल्या वांद्र्यात, एमआयजीच्या मैदानावर, डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या. वनडेतलं पहिलं द्विशतक ते, सचिनच्या बारा वर्षं आधीचं. मला स्वतःला हे फार उशिरा कळलं याची आजही हळहळ वाटते. तरी लहान मुलासाठी ही गोष्ट २०१७लाच पकड घेते.

मी अर्थातच १९८३पासून सुरुवात केली, आणि टनब्रिज वेल्सला अडकलो. १८ जून, समोर झिंबाब्वे, १७ धावांत पाच गडी तंबूत. भाची उशी पोटाशी धरून ऐकत होती. कपिलच्या नाबाद १७५पर्यंत आलो तशी ती उठून बसली. "मामा, आता दाखव!" दाखवू काय? त्या मॅचचं चित्रीकरणच नाही. मी धावफलक काढून दिला. तिने कपिलच्या नावावर बोट ठेवलं, १७५वर नेलं आणि विचारलं, "पण मारले कसे?" मी उभा राहून हातवारे केले. तिने ऐकून घेतलं, पण मघाची ती उत्सुकता गेली ती गेलीच. त्या डावाशिवाय १९८३ सांगणं माझ्याच्याने होत नाही, आणि तोच दाखवता येत नाही.

पुढच्या आठवड्यात तिला २०१७ची सेमीफायनल लावून दिली. डर्बी, समोर ऑस्ट्रेलिया, हरमनप्रीत ११५ चेंडूंत नाबाद १७१. शतकाच्या धावेला जोडीदार दीप्ती घुटमळली म्हणून हरमनने हेल्मेट काढून आपटलं, ते भाचीने तीनदा मागे घेऊन पाहिलं. "दीप्तीला किती वाईट वाटलं असेल!" मग लॉर्ड्सची फायनल. शेवटचे सात गडी २८ धावांत गेले, नऊ धावांनी हरलो. ती रडली. पण त्या दोघींची नावं तिच्या मनात कायमची बसली.

मुलाला आकडे आवडत असतील, किंवा घरात १९८३ला रेडिओ कानाशी धरून बसलेले आजोबा असतील, तर १९८३ने सुरुवात करायलाही माझी हरकत नाही. आजोबांच्या तोंडून ते ऐकणं वेगळंच.

आमच्याकडे मात्र २ नोव्हेंबर २०२५ आली. महिला वर्ल्ड कपची फायनल डी. वाय. पाटील स्टेडियमला, घरापासून हाकेच्या अंतरावर. पावसाने उशीर झालेला, मध्यरात्र व्हायला आलेली. मोबाइलवरचं चित्र काही सेकंद मागे होतं, त्यामुळे खिडकीतून गलका आधी आला. "मामा, जिंकलो!" असं ती ओरडली तेव्हा आमच्या स्क्रीनवर दीप्तीने चेंडू टाकलाही नव्हता. मग तो पडला, हरमन उलटी धावत गेली आणि तिने झेल घेतला. दीप्तीचा पाचवा बळी.

दुसऱ्या दिवशी मी तिला १९८३च्या फायनलमधला, वेस्ट इंडिजच्या रिचर्ड्सला बाद करणारा झेल दाखवला. मदनलालचा चेंडू, मागे धावणारा कपिल. याचं चित्रीकरण आहे.

"हरमनसारखाच घेतला की," ती म्हणाली, आणि टनब्रिज वेल्सची गोष्ट पुन्हा सांगायला लावली.