जुना राउटर, ओपन-डब्ल्यूआरटी आणि नऊ महिने

फायबरचं कनेक्शन घेतलं तेव्हा कंपनीने दिलेल्या राउटरच्या डब्याचं लॉगिनही 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "राहू द्या सर, सगळ्यांकडे हाच असतो." २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातल्या कॅमेऱ्यांत आणि राउटरांत शिरकाव केला तो नेमका असले पासवर्ड टाकूनच. म्हणून दीड हजारात एक वापरलेला राउटर घेतला. आत एमटी७६२१ चिप, १२८ एमबी रॅम. त्यावर ओपन-डब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीची मुक्त प्रणाली, चढवली. आमच्या २०० एमबीपीएसच्या प्लॅनला तो पुरून उरतो.

पहिले दोन आठवडे वाटलं, पैसे पाण्यात गेले. राउटरचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडावी तर बाहेरून कोणी दार वाजवतच नव्हतं. कारण साधं होतं: आम्हाला मिळालेला आयपी पत्ता १००.७२ ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅटमधला. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले, त्यामुळे आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांवरून, थेट आमच्या घरापर्यंत कोणी पोचूच शकत नव्हतं.

भोक आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांमध्ये होतं. तिथे सहसा नॅट (एका पत्त्यामागे अनेकांना बसवणं) नसतो, घरातल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो आणि मध्ये उभी असते ती फक्त फायरवॉल, म्हणजे येणारं-जाणारं तपासणारा पहारा. प्रिंटर अजून कंपनीच्या डब्याच्याच वायफायवर होता. गच्चीवर जाऊन मोबाइल डेटावरून त्याचा पत्ता टाकला आणि प्रिंटरचं पान उघडलं! शाई किती उरलीय तेसुद्धा दिसत होतं. त्या डब्यातली आयपीव्ही६ ची फायरवॉल बंदच होती. ग्राहक सेवेला तीन फोन केल्यावर डबा ब्रिज मोडवर गेला, म्हणजे नुसती जोडणी पुढे देणारा उरला. आता पीपीपीओई, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात होणारं लॉगिन, माझ्याच राउटरवर आहे. ओपन-डब्ल्यूआरटीमध्ये बाहेरून आत येणारं मुळातच अडवलेलं असतं, वेगळं काही करावं लागलं नाही.

मी मात्र अतिशहाणपणा केला. फायरवॉलच्या यादीत आयसीएमपीव्ही६ ला (आयपीव्ही६ चालवणाऱ्या आपसातल्या निरोपांना) परवानगी देणारा नियम दिसला, तो काढून टाकला. थोड्या वेळाने आयपीव्ही६ गप्प. शेजारी कोण, बाहेरचा रस्ता कुठला, हे सगळं त्याच निरोपांतून कळत असतं. अख्खी संध्याकाळ कंपनीला शिव्या घातल्यावर हे लक्षात आलं. तयार नियमांना हात लावू नका.

खरा उपयोग झाला तो आतल्या वस्तूंसाठी. घर, पाहुणे आणि 'वस्तू' अशी तीन नेटवर्कं केली. कॅमेरा 'वस्तू'मध्ये टाकून त्याचं बाहेर जाणं बंद केलं. रेकॉर्डिंग कार्डावर होतं, तेवढं आम्हाला बास. पण वीज गेली की त्याचं घड्याळ थेट १९७० मध्ये! त्याला वेळ बाहेरूनच हवी होती. मग राउटरवरच वेळ सांगणारा एनटीपी सर्व्हर चालू केला आणि कॅमेऱ्याची वेळेची विचारणा (यूडीपी १२३ या पोर्टवरची) तिकडे वळवली. तेव्हापासून घड्याळ ठीक आहे.

टीव्हीपुढे मात्र हरलो. तोही वेगळा काढला होता. दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "तुझ्या त्या डब्यापायी माझ्या फोनला टीव्ही दिसेना झालाय." तिचं कीर्तन यूट्यूबवरून टीव्हीवर लागतं आणि एमडीएनएसची, म्हणजे वस्तू एकमेकींना शोधायला मारतात ती, हाक एका नेटवर्कातून दुसऱ्यात जात नाही. त्यावर उपाय आहे, पण घरच्यांच्या संयमाला मर्यादा असते. टीव्ही परत घरच्या नेटवर्कात आला.

एक कटकट आहेच. नवी आवृत्ती चढवली की सेटिंग राहतात, पण आपण वरून घातलेली पॅकेजेस जातात. पहिल्या वेळी यादी लिहून ठेवली नव्हती, रात्रीचा एक वाजला. आता यादी वहीत आहे. शिवाय दिवे गेल्यावर नेट टिकावं म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा लागला, तो खर्च वेगळा.

बाबांना 'आज रात्री वीज तोडणार' असा फसवा मेसेज आला तेव्हा मात्र या सगळ्याचा काडीचा उपयोग नव्हता. लिंक आतूनच दाबली जाते, फायरवॉल तिला का अडवेल? नशिबाने त्यांनी आधी मला विचारलं.

हौस नसेल तर एवढी उठाठेव करू नका. पासवर्ड बदला, डब्यात आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे का पाहा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा. अर्ध्या तासाचं काम आहे. या रविवारी ताईकडे जाऊन एवढंच करणार आहे. तिच्याकडेही प्रिंटर आहे.