हवा दाबून विस्तव पाडणारी पितळी नळी

लातूरच्या लेथवर वळवलेली नळी: भोक 8 मिमी, खोली 90 मिमी, दट्ट्याला बाभळीची मूठ. आतलं पॉलिश अप्रतिम! रिकामा दट्ट्या दाबून सोडला की उसळून वर येतो, म्हणजे हवा सुटत नाही.

दट्ट्याच्या टोकाच्या खळग्यात डबीत कोळसवलेल्या सुती धोतराचा कपटा ठेवा, ओ-रिंगला (दट्ट्यावरच्या रबरी कड्याला) व्हॅसलीन लावा, एका झटक्यात दाबा आणि लगेच ओढा. हवा विसाव्या हिश्शात कोंबली गेली की कपटा धुमसतो; डिझेल इंजिनाचं तत्त्व हेच. सावकाश दाबलं तर उष्णता पितळ खाऊन टाकतं. दट्ट्या आतच राहिला तर निखारा गुदमरतो.

ओ-रिंग तेवढी हलकी. काळ्या रानातली धूळ बसली की चिरते. दोन जादा द्यायलाच हव्यात. पावसाळ्यात कपटे हवाबंद डबीत ठेवा.