रोझ ३१ च्या नावाखाली नाशकात काय विकलं जातंय ते घेण्याआधी वाचा

नाशिकमध्ये कुणी तुम्हाला ले लाबो कंपनीचा रोझ ३१ हा परफ्यूम "टेस्टर पीस (दुकानात वास घेऊन बघायला ठेवतात ती बाटली) आहे, बॉक्स नाही म्हणून स्वस्त" असं सांगून देत असेल तर पैसे टाकायच्या आधी हे वाचा. माझे साडेआठ हजार गेलेत, माझ्या ओळखीतल्या अजून दोघांचे गेलेत, आणि तिघांनाही एकाच माणसाने अगदी एकाच पद्धतीने गंडवलंय.

ज्यांना हा परफ्यूम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण फसवणूक नेमकी इथेच लपलीये. ले लाबो ही न्यूयॉर्कची कंपनी, २००६ साली सुरू झाली, आणि रोझ ३१ त्यांच्या अगदी सुरुवातीच्या सेंटांपैकी, दाफ्ने ब्यूजे या बाईंनी बनवलेला. ३१ म्हणजे त्यातल्या घटकांची संख्या असं कंपनी सांगते. गुलाब बायकांचा असं जे तिकडे मानतात ते मोडायचं म्हणून त्यांनी गुलाबात जिरं, देवदार, ऊद, धूप, व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा असलं सगळं घातलं, की बाई-पुरुष कुणीही लावावा. (आपल्याकडे यात नवीन काही नाही हो, लग्नात गुलाबाच्या अत्तराचा फाया कानात घालून मिरवणारे आजोबा आपण सगळ्यांनीच पाहिलेत.) पण वास खरंच वेगळा आहे. लावल्या लावल्या गुलाबासोबत जिऱ्याचा गरम, किंचित घामट वास येतो, मग गुलाब मागे मागे जातो आणि शेवटी कोरडं लाकूड राहतं, अंगाला चिकटून, बराच वेळ. माझ्या नणंदेकडे दुबईहून आणलेली ओरिजिनल बाटली आहे, तिच्याकडेच मी पहिल्यांदा लावला आणि आमच्या ह्यांना पण इतका आवडला की दोघांत मिळून एक घेऊ असं ठरलं. पन्नास एमएलची बाटली अमेरिकेतच दोनशे डॉलरच्या वर जाते म्हणून मग इकडेतिकडे शोधणं सुरू झालं.

इन्स्टावर एक पेज दिसलं, नाशिकचंच, रील्स छान, खाली लोकांच्या कमेंट्स पण छान. मेसेज केला तर लगेच "ताई, आधी सॅम्पल घ्या, पटलं तरच बाटली घ्या". कॉलेज रोडला एका कॅफेबाहेर त्याने छोटी कुपी आणून दिली, एक पैसा घेतला नाही. आणि आता नीट ऐका, त्या कुपीतला माल अस्सल होता. मी घरी नणंदेच्या बाटलीशी ताडून पाहिला, एका मनगटावर हा, एका मनगटावर तो, संध्याकाळपर्यंत तसूभर फरक नाही. म्हणजे कुठूनतरी एक खरी बाटली घ्यायची, तिच्यातून थेंब थेंब कुप्या भरून वाटायच्या आणि विकायचा मात्र भलताच माल, असा हा धंदा आहे. "मी तर सॅम्पल चेक केलं होतं" असं तिघंही आम्ही म्हणतोय ते यामुळे.

बाटली द्यायची वेळ आली तेव्हा पेमेंट यूपीआयने, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुठल्यातरी बाईच्या पर्सनल अकाउंटवर. बिल मागितलं तर म्हणे "बिल केलं तर वरून जीएसटी पडेल ताई, हा ड्युटी फ्रीचा माल आहे". बाटली हातात दिसायला हुबेहूब. ले लाबोवाले दुकानात गिऱ्हाइकासमोर सेंट मिसळून देतात आणि लेबलवर तारीख, गाव, कुणी मिसळला आणि कुणासाठी हे सगळं छापून देतात, तसं लेबल हिच्यावर पण होतंच.

घरी येऊन मारला तर काय, रोझ सिरप! फालुद्यात घालतात ना ते, अगदी तेच गोडमिट्ट, त्याच्या आधी नाकात झोंबणारं स्पिरिट आणि अर्ध्या तासात सगळं गायब. ना जिरं, ना लाकूड. पांढऱ्या कॉटनच्या ओढणीवर एक स्प्रे उडाला होता तिथे दुसऱ्या दिवशी पिवळट तेलकट डाग, कडेला गडद गोल, साबणाने घासून पण गेला नाही. नणंदेच्या बाटलीने तिच्या कुठल्याच कपड्यावर असं कधी झालेलं नाही.

त्याला फोन केला. आता त्याची उत्तरं लिहिते, ही पाठ करून ठेवा, कारण तुम्हालाही हीच मिळणार आहेत. पहिलं, "हा नॉर्मल गुलाब नाहीये ताई, निश परफ्यूम (म्हणजे मोजक्या शौकिनांसाठीचा) आहे, नाक तयार व्हायला वेळ लागतो". दुसरं, "नॅचरल गुलाब आहे, दरवर्षी पिकाप्रमाणे वास बदलतो". तिसरं आणि सगळ्यात डेंजर, "बाटली फ्रेश आहे, महिना-दीड महिना अंधारात ठेवा, मॅसरेशन (म्हणजे मुरणं) झालं की खुलेल". परफ्यूम मुरतो हे खरं आहे, बनवताना तो मुरवतातच, पण सिरपचा वास मुरून त्याचं जिरं आणि देवदार होत नाही. हा महिना तो तुमच्याकडून काढून घेतो तो वेगळ्याच कारणासाठी. ऑनलाइन पैसे गेले की पहिल्या काही तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते, बँकेत तक्रार पण ताजी लागते, आणि तुम्ही कपाटात बाटली ठेवून वास खुलायची वाट बघत बसता तोवर त्या खात्यात काहीच उरलेलं नसतं.

मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. साधा मोगरा किंवा चंदन कुणी खोटं विकलं तर शेंबडं पोरगं पण सांगेल की हा मोगरा नाही. इथे वास मुळातच विचित्र, लोकांनी नुसता ऐकलेला, म्हणून गिऱ्हाइकालाच अडाणी ठरवता येतं. माझ्या ओळखीतला जो मुलगा फसला तो तर आठवडाभर स्वतःच्याच नाकाला दोष देत होता, पहिल्या पगारातून घेतला होता बिचाऱ्याने.

मी बाटली घेऊन जुन्या नाशकात एका अत्तरवाल्या चाचांकडे गेले, पिढीजात धंदा आहे त्यांचा. त्यांनी कागदाच्या दोन पट्ट्या घेतल्या, एकीवर माझा स्प्रे, एकीवर सॅम्पलच्या कुपीत तळाला राहिलेला थेंब, आणि म्हणाले बेटा चहा घे, आत्ता नाही हुंगायचं. चहा होईस्तोवर माझी पट्टी कोरी झाली होती, दुसरीवर लाकूड जसंच्या तसं. मग त्यांनी समजावलं की एक किलो खऱ्या गुलाबाच्या तेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, कनौजला काय की बल्गेरियात काय, हिशोब साधारण तोच, म्हणून स्वस्तातल्या मालात गुलाबाचा वास देणारं फिनाइल इथाइल अल्कोहोल नावाचं केमिकल असतं, ते कारखान्यात पिंपाने बनतं. केमिकल असणं म्हणजे फसवणूक नाही हं, मोठमोठ्या परफ्यूममध्ये पण असतं, चाचा स्वतः पण विकतात, पण सांगून विकतात. अजून एक त्यांनी सांगितलं ते "रूह गुलाब" घेणाऱ्यांच्या कामाचं आहे, शुद्ध गुलाबाचं तेल थंडीत गोठतं, आपल्या नाशिकच्या डिसेंबरात कुपीत खडे धरतात आणि हाताच्या उबेने परत विरघळतात. स्प्रेला ही परीक्षा लागू नाही, त्यात अल्कोहोलच जास्त असतं.

पक्का पुरावा मात्र लेबलनेच दिला. आम्ही तिघांनी बाटल्यांचे फोटो एकमेकांना पाठवले तर तिन्हींवर तीच तारीख, तेच शहर आणि "कुणासाठी" च्या जागी तेच एक इंग्रजी नाव! जे लेबल प्रत्येक बाटलीला वेगळं छापून निघतं ते तीन बाटल्यांवर अक्षर न अक्षर सारखं कसं? एकाच बाटलीच्या लेबलचा फोटो काढून झेरॉक्ससारखे छापलेत. तेव्हा घेताना विक्रेत्याला त्याच्याकडच्या दोन-तीन बाटल्यांची लेबलं जवळून दाखवायला सांगा. सॅम्पल हुंगून थांबू नका, जी बाटली घरी नेणार तिचाच स्प्रे कागदावर मारा आणि निदान तासभर थांबा. तो घाई करत असेल तर उठून या. सरळ मार्गाने इम्पोर्ट केलेल्या मालावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एमआरपी आणि कॉस्मेटिक्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे रजिस्ट्रेशन नंबर असावा लागतो, "टेस्टर" म्हटलं म्हणून ते माफ होत नाही. आणि बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरलीये.

मी १९३० वर आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केलीये, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवलीये. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तिथेही आम्ही जाणार आहोत. पैसे अजून आलेले नाहीत. त्याने पेजचं नाव बदललंय, मला ब्लॉक केलंय, पण वहिनीच्या फोनवरून बघितलं तर फोटो तेच, रील्स तेच आणि आता दिवाळी ऑफर लावलीये. तुमच्याकडे अशी बाटली असेल तर रागाने फेकू नका, उरलेला माल, लेबलचा क्लोजअप फोटो, चॅट आणि यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर जपून ठेवा आणि आपली स्वतंत्र तक्रार नोंदवा, एकाच खात्याविरुद्ध जितक्या तक्रारी पडतील तितकं ते खातं गोठवायला पोलिसांना सोपं जाईल.