पडवीतला बिनफेविकॉलचा बाक: पावसाळा आणि मे महिना काढल्यावर

मागच्या वर्षी पावसाच्या तोंडावर जुन्या वाशांच्या सागापासून पडवीसाठी बाक केला. सांध्यांत फेविकॉलचा थेंब नाही, सगळी मदार बाभळीच्या खुंट्यांवर. आमच्या कोकणातला पावसाळा आणि त्यानंतरचा मे महिना बाकाने काढलाय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. पायाचा एकही सांधा हललेला नाही, आणि जाड लाकडाचं पुढचं काम मी असंच करणार. पण खुंटी कसली आणि भोक कुठे, यावर सगळं अवलंबून आहे.

पद्धत अशी. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे बाजूचं लाकूड कमी करून उरलेली जीभ, काढायचं, पायात ते बसेल अशी खाच पाडायची. कुसू बाहेर असतानाच पायातून आरपार भोक घ्यायचं. मग कुसू आत घालून ड्रिलच्या टोकाने त्यावर भोकाची खूण करायची, बाहेर काढायचं आणि प्रत्यक्ष भोक त्या खुणेपासून किंचित खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या पायरीच्या, बाजूला पाडायचं. सागात ८ मिलिमीटरच्या खुंटीला मी दीड मिलिमीटर सरकवलं. शिसवासारख्या कडक लाकडात एक पुरे, आंब्यासारख्या नरम लाकडात दोनपर्यंत चालतं. जोडल्यावर भोकं एका रेषेत येत नाहीत. निमुळत्या टोकाची खुंटी त्यातून जाताना थोडी वाकते आणि कुसवाला खाचेत ओढून घेते.

हे ओढणं डोळ्यांनी दिसतं. खांद्यापाशी कागद जाईल एवढी फट होती. मोगरीच्या तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला ती मिटली आणि आवाजही बदलला, पोकळ ‘ठप’ जाऊन भरीव ‘टक्’ यायला लागला. तिथे थांबायचं. आणखी ठोकत बसलं तर कुसू फाटतं. लांब क्लँपचा खर्च वाचला, हा माझ्या लेखी मोठा फायदा.

आता खुंट्या. बाजारातले गोल डॉवेल घेऊन बघितले, तर वाकताना काही मधेच तुटले. ते मशीनवर कातलेले असतात, लाकडाच्या तंतूंची रेषा सरळ जाते की तिरकी बाहेर पडते हे कोणी बघत नाही. बाभळीचा वाळलेला ठोकळा कोयत्याने रेषेवर फोडला आणि त्या चिपा पटाशीने आठ पैलू करून घेतल्या, त्यातली एकही तुटली नाही. करवतीने कापू नका, फोडाच. खुंटी पूर्ण वाळलेली हवी. ओली खुंटी पुढे सुकून बारीक होते, मग ओढ कसली राहणार?

खुंटी सांध्याच्या लाकडापेक्षा कणखर हवी, हे शहाणपण फार जुनं आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ १९८२ साली सापडलेलं उलुबुरूनचं बुडालेलं जहाज सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचं. त्याच्या फळ्या देवदाराच्या, पण त्या जोडणारी कुसवं आणि खुंट्या ओकच्या.

वर्षभरात खरी गंमत दिसली ती खुंट्यांच्या तोंडांवर. जून-जुलैत बोट फिरवलं तर खुंटी पायाच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट लागायची. एप्रिलमध्ये तेच तोंड नखाला अडकायला लागलं. खुंटी बाहेर येत नाही, तिच्याभोवतीचा पाय सुकून बारीक होतो. लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि खुंटीची लांबी पायाच्या जाडीतून जाते. माझा पाय ६० मिलिमीटरचा, त्यामुळे फरक कळतो. घासून सपाट करायची घाई केली नाही, पावसात पाय परत फुगणार होताच.

तक्रारीही आहेत. वेळ खूप जातो. खांदा गुण्याला लावून काटकोनात नसेल तर खुंटी सांधा तितकाच वाकडा, पण घट्ट, ओढून धरते. भोकापुढे कुसवाचं लाकूड भरपूर शिल्लक हवं. मी ३० मिलिमीटर ठेवलं, कमी असतं तर टोक चिरून निघालं असतं. आणि सांधा पुन्हा खोलायचा म्हटला तर वाकलेली खुंटी सहसा साबूत निघत नाही, ड्रिलने पोखरूनच काढावी लागते.

बैठकीच्या फळ्यांना मात्र हा प्रयोग केला नाही. रुंद फळी दोन्ही कडांना खुंटीने जखडली तर उन्हाळ्यात तडकते. त्या खालून लांबट भोकांतून स्क्रूने धरल्यात, सरकायला जागा ठेवून. प्लायवुडला तर या पद्धतीचा काडीचा उपयोग नाही, तिथे फेविकॉलच. पातळ पट्ट्यांच्या फोटोफ्रेमलाही नको. दार, खाट, बाक, कामाचं टेबल, म्हणजे जिथे पायाला किमान दीड-दोन इंच जाडी आहे, तिथे करून बघा. आधी दोन टाकाऊ तुकड्यांवर एक सांधा करा आणि तो मधोमध करवतीने उभा कापा. आतली खुंटी किती वाकलीय ते दिसेल, आणि पुढच्या सांध्याला भोक किती सरकवायचं ते त्यावरून ठरवा.